पत्रातला तिसरा माणूस

चित्रपटातल्या पत्रांविषयी जे लेखन आजवर माझ्या वाचनात आलं, त्यात बहुतेक वेळा दोनच माणसं असतात. एक लिहिणारा, दुसरा वाचणारा. त्या दोघांमधलं अंतर, विरह, उशीर, गैरसमज यांची चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. पण गेली काही वर्षं मी चित्रपट पाहताना जवळ एक वही ठेवतो. पडद्यावर पत्र आलं की तिच्यात नोंद करतो. पत्र कुणी लिहिलं, कुणी पोचवलं, कुणी वाचलं, ते कुणाच्या आवाजात ऐकू आलं आणि त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं, अशी पाच सदरं आखली आहेत. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. चित्रपटशास्त्राचं रीतसर शिक्षण माझं झालेलं नाही. जे काही आहे ते फिल्म सोसायटीच्या सतरंजीवर, नंतर भाड्यानं आणलेल्या सीडींवर आणि आता फोनच्या पडद्यावर जमवलेलं आहे. त्यामुळे ही वही म्हणजे एका प्रूफ वाचणाऱ्याची सवय, एवढंच समजावं.

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. दुसरं सदर, म्हणजे 'कुणी पोचवलं', आणि तिसरं, 'कुणी वाचलं', ही दोन सदरं अपेक्षेपेक्षा फार गजबजलेली होती. पोस्टमन, नोकर, मावशी, शेजारीण, कारकून, लेखनिक, शाळकरी पोर, डबेवाला. ज्याचं पत्राशी काही देणंघेणं नाही असा कुणीतरी माणूस जवळजवळ प्रत्येक पत्राच्या वाटेत उभा होता, आणि चांगल्या चित्रपटांत तो नुसता उभा नव्हता. या लेखात मी या तिसऱ्या माणसाविषयी लिहिणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की पडद्यावरचं पत्र दोघांचं कधीच नसतं, आणि ज्या दिग्दर्शकांना हे कळलं त्यांच्याच पत्रांनी चित्रपट पुढे नेले.

पत्र दाखवायचं कसं?

आधी एक साधी अडचण. कादंबरीत पत्र आलं की ते छापून टाकता येतं. वाचक वाचतच असतो, तो पत्रही वाचतो. चित्रपटात मात्र माणूस कागदाकडे बघत बसला की पडद्यावर काहीच घडत नाही. मूकपटांनी यावर सरळ उपाय केला. कागदच पडदाभर दाखवायचा, आणि सावकाश वाचणाऱ्यालाही तो वाचून होईल इतका वेळ ठेवायचा. जपानमध्ये तर पडद्याशेजारी बसून कथा सांगणारे बेन्शी होते. पत्रही तेच वाचून दाखवत. म्हणजे तिसरा माणूस तिथे थिएटरातच बसलेला होता.

बोलपट आला आणि प्रश्न बदलला. आता आवाज कुणाचा? वाचणाऱ्याचा, की लिहिणाऱ्याचा? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू आला तर तो माणूस खोलीत येतो. वाचणाऱ्याचा आवाज ऐकू आला तर मजकूर तोच राहतो, पण अर्थावर वाचणाऱ्याचा ताबा येतो.

इंगमार बर्गमन यांनी १९६३ च्या 'विंटर लाइट'मध्ये या प्रश्नाचं सगळ्यात कठोर उत्तर दिलं. श्रद्धा गमावलेला पाद्री टोमास, त्याच्यावर जीव असलेल्या मार्टा या शिक्षिकेचं जाडजूड पत्र उघडतो. आणि मग कागद नाही, टोमास नाही, थेट मार्टाचा चेहरा. इंग्रिड थुलिन कॅमेऱ्याकडे बघत पत्रातला मजकूर बोलते. मध्ये एक छोटा पूर्वप्रसंग येतो, तो सोडला तर कित्येक मिनिटं पडद्यावर तेवढा चेहराच असतो. टोमासला हे पत्र नको होतं. त्याला कागद घडी करून खिशात ठेवता आला असता. आपल्याला ती सोय नाही. तो चेहरा आपल्याकडे बघतो, आणि न मागितलेलं पत्र मिळणं म्हणजे काय हे आपल्याला अंगावर कळतं. पत्राचा पत्ता बदलून बर्गमननं ते प्रेक्षकाच्या घरी टाकलेलं असतं.

आता आपल्याकडचा जुना संकेत आठवा. नायिका पत्र उघडते, आणि कागदावर नायकाचा चेहरा उमटतो. तो हसतो, बोलतो, कधी गातो. हा प्रकार मला तरुणपणी अत्यंत बाळबोध वाटत असे. फिल्म सोसायटीत जायला लागल्यावर तर आम्ही मित्र त्याची नक्कल करून हसायचो. आज मला तसं वाटत नाही. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात साक्षरतेचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं, स्त्रियांमध्ये ९ टक्क्यांच्याही खाली. त्या काळात थिएटरात बसलेल्या बहुतेक माणसांच्या दृष्टीनं पत्र ही वाचायची गोष्टच नव्हती. ती ऐकायची गोष्ट होती, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. मग त्यांच्यासाठी कागदावर उमटलेल्या चेहऱ्याचा अर्थ काय होता? माझा तर्क असा, की ती त्यांची सगळ्यात मोठी इच्छा होती. आलेलं पत्र पाठवणाऱ्यानं स्वतः बोलावं, मध्ये कुणी नसावं. आम्ही ज्याला हसत होतो ते तिसऱ्या माणसाशिवायच्या पत्राचं स्वप्न होतं. ते समजायला मला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं, कारण तो तिसरा माणूस एके काळी मी स्वतः होतो. त्याबद्दल पुढे.

ऐकलेली पत्रं

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्यात. पुढच्याच वर्षी मनिऑर्डर आली. निळं अंतर्देशीय पत्र १९५० चं. कोकणातल्या माझ्या पिढीला या तीन वस्तूंचा वास आठवतो. गावातले कर्ते पुरुष मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत. गावमंडळाच्या खोलीत वळकट्या ठेवून पाळीपाळीनं झोपणारे. गावी बायका, म्हातारे आणि पोरं. घर चालायचं ते मनिऑर्डरीवर. त्या फॉर्मच्या खाली मजकुरासाठी एक छोटा तुकडा असे. पैसे पोस्टमनकडून मोजून घेतले, अंगठा उठवला, की तो तुकडा हातात राहायचा. त्यावरच्या दोन ओळी हेच कित्येक घरांत महिन्याचं पत्र असे.

या व्यवस्थेत पत्र लिहिण्याची एक रीत तयार झाली होती. बायकोला वाचता येत नसेल तर पत्र बायकोला लिहिलंच जात नसे. ते वडिलांच्या नावे 'तीर्थरूप' म्हणून किंवा मुलाच्या नावे 'चिरंजीव' म्हणून येई. 'पत्रास कारण की' म्हणत पाऊसपाणी, गुरंढोरं, देणंघेणं यांची चौकशी होई, आणि शेवटी कुठेतरी 'तुझ्या आईस सांग' असं एक वाक्य. लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं की हे कुणीतरी ओटीवर मोठ्यानं वाचणार आहे. त्यामुळे त्या पत्रांत खासगी असं काही नसे. म्हणजे तिसरा माणूस पत्र पोचल्यावर मध्ये येत नव्हता. लिहिणाऱ्याच्या हातात पेन असतानाच तो समोर बसलेला होता.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी आपल्यापुरते काही उपाय केले होते. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकवाची बोटं लागत. पोस्टमन लांबून येताना दिसला की बायका आधी कोपरा बघायच्या. अक्षराच्या आधी वाचायची ही लिपी होती, आणि शब्द न वाचता पत्र 'दाखवायचं' कसं याचं चित्रपटाला हवं असलेलं उत्तर तिच्यात होतं.

मुका नोकर आणि रिकामा खण

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचं झालं. जिथे दोघांनाही उत्तम लिहितावाचता येतं तिथे तिसऱ्याचं काय काम? म्हणून मुद्दाम दोन साक्षर शहरांतले चित्रपट घेतो.

मॅक्स ओफ्युल्स यांचा 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन' १९४८ चा. स्टेफान त्स्वाइग यांच्या १९२२ मधल्या दीर्घकथेवर आधारलेला. १९०० च्या आसपासचं व्हिएन्ना. उतरणीला लागलेला पियानोवादक स्टेफान ब्रांड रात्री उशिरा घरी येतो. पहाटे त्याला द्वंद्वयुद्धासाठी जायचं आहे आणि त्याचा बेत त्याआधीच पळून जाण्याचा आहे. नोकर त्याच्या हातात एक पत्र ठेवतो. लिसा नावाच्या बाईनं त्यात आपलं सगळं आयुष्य लिहिलेलं आहे. शेजारच्या घरातली पोरगी असल्यापासून तिनं याच्यावर प्रेम केलं, एका रात्री तो तिला भेटला, तिला त्याच्यापासून मुलगा झाला, आणि पुढे पुन्हा भेट झाली तेव्हा त्यानं तिला ओळखलंसुद्धा नाही. पत्र वाचता वाचता पळून जायची वेळ निघून जाते.

या चित्रपटाची चर्चा लिसाच्या आवाजाभोवती होते. माझ्या वहीत मात्र जॉनच्या नावाखाली रेघ आहे. जॉन म्हणजे तो नोकर. तो मुका आहे. पत्र हातात देतो तो जॉन. आणि वाचून संपल्यावर ब्रांड त्याला विचारतो, तुला ती आठवते का? जॉन मान हलवतो, टेबलाशी जातो आणि कागदावर तिचं नाव लिहितो. ज्याच्यासाठी तिनं जन्म काढला त्याला नाव आठवत नाही. ज्याच्याशी तिचा संबंध दारापुरता होता त्यानं ते इतकी वर्षं जपलेलं असतं. त्स्वाइगच्या कथेतही नोकर तिला ओळखतो, पण तिथे तिला नावच नाही. ओफ्युल्सनं तिला नाव दिलं आणि ते लिहायचं काम तिसऱ्या माणसाला दिलं. पाठीवर पत्ता असलेलं एवढं मोठं पत्र, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द पोचवणाऱ्यानं लिहिला.

दुसरा चित्रपट एर्न्स्ट लुबिच यांचा, 'द शॉप अराउंड द कॉर्नर', १९४० चा. बुडापेस्टमधलं एक दुकान. तिथे काम करणारे क्रालिक आणि क्लारा एकमेकांचा राग राग करतात, आणि दोघंही आपापल्या अनामिक पत्रमित्रावर जीव टाकतात. ती पत्रं ते एकमेकांनाच लिहितायत हे त्यांना माहीत नाही. मध्यावर क्रालिकला ते कळतं. क्लाराला कळत नाही. इथून पुढे लुबिच जे करतो ते शिकण्यासारखं आहे. पोस्टाच्या २३७ क्रमांकाच्या खणाकडे कॅमेरा आतल्या बाजूनं, म्हणजे टपाल टाकणाऱ्याच्या बाजूनं बघतो. हातमोजा घातलेला क्लाराचा हात आत येतो, रिकाम्या खणात चाचपडतो, आणि मग त्या चौकोनातून तिचा चेहरा दिसतो. तो खण कुणी रिकामा ठेवला ते आपल्याला माहीत आहे. तिला नाही.

पुढे क्लारा आजारी पडते. क्रालिक, तिचा वरिष्ठ म्हणून, तिला भेटायला जातो. तेवढ्यात घरातली वडीलधारी बाई पत्र आणून देते. ते पत्र त्याचंच आहे. ती त्याच्यासमोर ते वाचते, आणि तो आपलं पत्र वाचलं जाताना बघत बसतो. इथे तिसरा माणूस वेगळा आणायची गरजच उरलेली नाही. पत्र पाठवणारा स्वतःच्याच पत्रातला तिसरा झालेला आहे. या प्रसंगातली गंमत सगळ्यांच्या लक्षात राहते. त्यातलं भय मात्र थोड्यांच्या. एकाला सगळं माहीत आणि दुसरीला काहीच नाही, अशी ती स्थिती आहे. लुबिचच्या हातात होती म्हणून ती गोड झाली.

राज कपूर यांच्या १९६४ च्या 'संगम'मध्ये तीच स्थिती कडू होते. गोपाळनं राधाला लिहिलेल्या पत्राखाली सही नाही. ते सापडतं तिच्या नवऱ्याला, सुंदरला. पत्र दोघांचं, पण आता ते वाचतो आहे तिसरा, आणि खालची रिकामी जागा त्याला खायला उठते. सही असती तर चित्रपट तिथेच संपला असता. सही नसल्यामुळे शेवटी गोपाळला जीव द्यावा लागतो.

लिहून देणारे

तिसऱ्या माणसाचा सगळ्यात धोकादायक अवतार म्हणजे लेखनिक. त्याच्या हातात दुसऱ्याचे शब्द असतात आणि त्याच्यावर कुणाची तपासणी नसते.

वॉल्टर सालेस यांच्या १९९८ च्या 'सेंट्रल स्टेशन'मधली दोरा ही निवृत्त शिक्षिका रिओच्या रेल्वे स्थानकात टेबल टाकून बसते. निरक्षर माणसं येतात, मजकूर सांगतात, ती लिहून घेते, पैसे घेते. घरी गेल्यावर ती आणि तिची मैत्रीण ती पत्रं वाचून हसतात, आणि कुठलं टाकायचं, कुठलं फाडायचं, कुठलं खणात ठेवायचं हे दोरा ठरवते. एक बाई आपल्या मुलाच्या बापाला पत्र लिहून घेते आणि स्थानकाबाहेर बसखाली सापडून मरते. मागे उरलेला मुलगा, जोझुए, आणि दोरा मग त्या बापाच्या शोधात निघतात.

या चित्रपटाचा खरा क्षण शेवटाकडे आहे. बाप सापडत नाही, त्याचे मोठे मुलगे सापडतात, आणि बापानं त्या बाईला लिहिलेलं एक पत्र. मुलांना वाचता येत नाही. ते दोराला वाचायला सांगतात. बाप सगळ्यांची आठवण काढतो, मुलांची नावं घेतो, आणि दोरा त्या नावांत जोझुएचं नाव घालते. कागदावर ते नाव नाही. जिनं इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं खाल्ली, ती इथे पत्रात नसलेलं नाव वाचते. चित्रपट तिला शाबासकी देत नाही आणि दोषही देत नाही. आपल्याला मात्र ठरवावं लागतं की ही आधीच्याच अपराधाची पुढची पायरी, की त्याची भरपाई.

श्याम बेनेगल यांच्या २००८ च्या 'वेलकम टू सज्जनपूर'मध्ये श्रेयस तळपदेनं केलेला महादेव असाच लेखनिक. कमलाचा नवरा मुंबईत. ती महादेवकडून पत्रं लिहून घेते. महादेवचं मन तिच्यावर बसलेलं. तो तिचं प्रेमाचं पत्र रुक्ष करून पाठवतो आणि मुंबईहून आलेलंही आपल्या सोयीनं वाचतो. प्रेक्षक हसतात, कारण चित्रपट विनोदी आहे. पण कमलाच्या जागी बसून बघा. तिच्या संसाराचा एकुलता एक दरवाजा या माणसाच्या तोंडात आहे.

गजेंद्र अहिरे यांच्या २०१४ च्या 'पोस्टकार्ड'मध्ये गिरीश कुलकर्णी यांचा पोस्टमन गावोगाव बदलून जातो आणि तीन कथांचा साक्षीदार होतो. तो पत्रं खात नाही, बदलत नाही. पण पोचवणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि त्याचा काही इलाज चालत नाही, हे दुःख मराठी पडद्यावर त्यानं आणलं. दोरा आणि महादेव यांच्या शेजारी त्याला उभं केलं की तिसऱ्या माणसाची दोन टोकं दिसतात. एकाचा हात फार चालतो, दुसऱ्याचा अजिबात नाही.

एक वाक्य

आता ज्या पत्रामुळे मी हे सगळं लिहितो आहे त्याविषयी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतले एक माझे वडील. मी तेव्हा पाचवीत होतो, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. मनिऑर्डरी बंद झाल्या. शिमग्यानंतर अंतर्देशीय आलं, नेहमीप्रमाणे माझ्या नावानं. मी ओटीवर बसून आई आणि आजीला ते वाचून दाखवायला लागलो. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. ताई सातवीत होती, ती तेव्हा पाण्याला गेली होती.

पत्राच्या मध्यावर बाबांनी लिहिलं होतं, की संप लवकर मिटेल असं दिसत नाही, तरी परीक्षा झाली की मला मुंबईला पाठवावं, ओळखीच्या हॉटेलात कामाला लावतो. ते वाक्य माझ्या डोळ्यांना आधी दिसलं आणि तोंडापर्यंत आलंच नाही. मी पुढची ओळ वाचली. मग जागा रिकामी वाटू नये म्हणून माझ्याकडचं घातलं, की पोराच्या शाळेकडे लक्ष दे. उत्तर आईनं सांगितलं आणि मीच लिहिलं. त्यात तिनं 'शाळेची काळजी करू नका' असं सांगितलं, ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. बाबांना ते वाचून काय वाटलं असेल? आईनं सरळ नकार न देता नकार दिला, असंच वाटलं असणार. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते कायमचे गावी आले. त्या पत्राचा विषय आमच्यात त्यांच्या मरणापर्यंत निघाला नाही.

त्या उन्हाळ्यात घरात पैसा नव्हता. ताईची शाळा सातवीला सुटली आणि ती आईबरोबर मजुरीला जाऊ लागली. मी मुंबईला गेलो असतो तर तिची शाळा टिकली असती असं मी म्हणू शकत नाही. टिकली नसती असंही म्हणू शकत नाही.

पुष्कळ वर्षांनी गावी टीव्हीवर 'वेलकम टू सज्जनपूर' लागला होता. महादेव पत्र फिरवून वाचतो त्या प्रसंगाला मी हसलो. आई हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तुजा आवाज त्या दिवशी मधीच अडकला व्हता. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

कुठला दिवस हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चेहऱ्याचं वाचन

आईच्या त्या वाक्यानंतर माझ्या वहीतलं पाचवं सदर, म्हणजे 'त्या वेळी काय दिसत होतं', मी नव्यानं वाचलं. तोवर मी वाचून दाखवणाऱ्याला सगळी सत्ता देऊन बसलो होतो. जिला अक्षर येत नाही ती बाई काय करते? ती वाचणाऱ्याचा चेहरा वाचते. आवाज कुठे अडला, डोळे कुठे थांबले, हे ती बघत असते. तिसरा माणूस पत्र वाचत असताना कुणीतरी त्याला वाचत असतं. आणि कॅमेरा नेमकं हेच करतो. म्हणूनच पडद्यावरच्या चांगल्या पत्रांत आपण कागद फार वेळ बघत नाही. आपण दोराचा चेहरा बघतो, क्रालिकचा बघतो. प्रेक्षक म्हणून आपली जागा साक्षर माणसाची नाही, ओटीवर बसलेल्या बाईची आहे.

सत्यजित राय यांनी १९५९ च्या 'अपूर संसार'मध्ये हे किती साधेपणानं केलं आहे पाहा. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या अपर्णाचं पत्र अपू वाचतो. ऑफिसात, गर्दीच्या ट्राममध्ये, मग रेल्वेच्या रुळांकडेनं चालताना. सारखं कुणीतरी मध्ये येतं आणि वाचन तुटतं. आवाज अपर्णाचा आहे, पण आपण बघतो ते अपूचं हसू लपवणं. तो घरी येतो तर अपर्णाचा भाऊ उभा असतो, आणि ती गेल्याची बातमी. आपण इतका वेळ जो आवाज ऐकला त्याचं माणूस उरलेलं नाही. अपू त्या निरोप्यालाच मारतो. पोचवणाऱ्यावर हात उगारणं हा न्याय नाही, पण ज्यांच्या घरी अशी बातमी आली आहे त्यांना तो हात समजेल.

शांताल आकेरमान यांचा १९७७ चा 'न्यूज फ्रॉम होम' मी या यादीत शेवटी ठेवतो. ब्रसेल्समधली आई न्यूयॉर्कला गेलेल्या मुलीला पत्रं लिहिते. तब्येत, पैसे, वाढदिवस, आणि पुन्हा पुन्हा, पत्र का टाकत नाहीस. ती पत्रं मुलगी, म्हणजे दिग्दर्शिका स्वतः, सपाट आवाजात वाचते. पडद्यावर आई नाही, मुलगी नाही. न्यूयॉर्कचे रस्ते आणि भुयारी रेल्वेची स्थानकं. गाडी येते आणि आईचे शब्द तिच्या आवाजात बुडून जातात. मुलीची उत्तरं आपल्याला एकदाही ऐकवली जात नाहीत. इथे तिसरं कुणीच नाही, असं आधी वाटलं होतं. मग कळलं, की मुलीनं आईची पत्रं ओटीवर आणून वाचली आहेत आणि ऐकायला आपण बसलो आहोत. वाचताना तिच्याकडून जे बुडालं, ते तिनं बुडू दिलं.

चुकलेला डबा

रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' आपल्याकडे सप्टेंबर २०१३ मध्ये लागला. त्याच वर्षी जुलैत देशातली तार सेवा बंद झाली होती. हाती लिहिलेला कागद मोडीत निघालेला असताना हा चित्रपट चिठ्ठ्यांवर उभा राहिला, आणि त्यानं पोस्टमनच्या जागी मावळ-खेडकडचा डबेवाला आणला. डब्यावरच्या खुणांनी पत्ता वाचणारा. डबा चुकीच्या टेबलावर जातो, आणि इला व साजन फर्नांडिस यांची ओळख होते. ती हिंदीत लिहिते, तो इंग्रजीत. इला तक्रार करते तेव्हा डबेवाला ठणकावून सांगतो की चूक होणं शक्यच नाही. तिसऱ्या माणसाच्या चुकीतून सुरू झालेली गोष्ट, आणि तो तिसरा आपली चूक कबूल करायला तयार नाही.

आजवरच्या चित्रपटांत तिसरा माणूस पत्र अडवतो, बदलतो, नाहीतर जपतो. बत्रा यांनी त्याच्या हातून एक निर्हेतुक चूक करवली आणि तिच्यातून दोन माणसं जवळ आणली. शिवाय वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकू आहेत. त्या दिसतच नाहीत, फक्त आवाज आणि दोरीला बांधलेली टोपली. इला त्यांच्याशी चिठ्ठ्यांविषयी बोलते, म्हणजे या पत्रव्यवहारालाही ओटी आहे. शेवटी साजन स्वतः लोकलच्या डब्यात, भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांमध्ये जाऊन बसतो. तिच्यापर्यंत जायचं तर चिठ्ठी ज्या वाटेनं जात होती त्याच वाटेनं, त्याच माणसांबरोबर जावं लागेल, हे त्याला उमगलेलं असतं. ती भेट होते की नाही हे चित्रपट सांगत नाही. मला ते योग्य वाटतं. पोचवणाऱ्याला तरी पुढचं कुठे कळतं?

आता निरोप थेट पोचतो. मध्ये कुणी नाही, किंवा दिसत तरी नाही. 'वाचलं' हेही निळ्या खुणेनं कळतं. कागदावर उमटणाऱ्या चेहऱ्याचं जुनं स्वप्न खरं झालं म्हणायला हरकत नाही. आजच्या चित्रपटांत फोनवरचा मजकूर पडद्यावर अक्षरांत उमटतो, म्हणजे आपण पुन्हा मूकपटाच्या पाटीकडे आलो. या नव्या पत्रांची नोंद माझ्या वहीत अजून विरळ आहे. ती कुणीतरी तरुण अभ्यासकानं करावी.

माझ्यापुरता हिशेब जुनाच आहे. बाबांच्या त्या पत्राविषयी ताईशी मी कधी बोललो नाही. हा अंक दिवाळीत तिच्याकडे जाईल. ती सातवीपर्यंत शिकली आहे. तिला वाचून दाखवायला कुणी लागणार नाही.